देवळाची वर्गणी घरपट्टीच्या बिलात? सही करू की नको?

या वेळचं पत्र एका ग्रामपंचायत सदस्य बाईंचं आहे, राजापूर तालुक्यातून आलंय. बरंच मोठं होतं, त्यातलं कामाचं तेवढं देते.

"मावशी, मी महिला राखीव जागेवरून निवडून आले. आमच्या ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार काढलाय. गावकीने (देवळाचा कारभार बघणाऱ्या गावकऱ्यांच्या बैठकीने) घरटी अडीच हजार ठरवले, मुंबईकरांना पाच हजार. पण पैसे जमत नाहीयेत म्हणून सरपंच म्हणतात आपण मासिक सभेत ठराव घेऊ, घरपट्टीच्या बिलातच एक कॉलम वाढवू, आणि जो भरणार नाही त्याला दाखले द्यायचे नाहीत. गावात बौद्धवाडी आहे, मुसलमानांचा मोहल्ला आहे, त्यांच्याकडूनही घ्यायचे कारण देव सगळ्या गावाचा. माझे सासरे मानकरी आहेत. मी सही केली नाही तर शिमग्याला पालखी आपल्या दारात येणार नाही असं दीर बोलून गेले. मी स्वतः देव मानते, देवळात जाते, पण हे मला पटत नाहीये. मी देवाच्या कामात आडवी येतेय का? काय करू?"

अगं, सगळ्यात आधी, सही करू नकोस. बाकीचं आपण सावकाश बोलू.

तुमच्या गावकीने वर्गणी ठरवली यात काहीच चूक नाहीये, कोकणात देवळं अशीच उभी राहिली, कुणी चिरे दिले कुणी लाकूड दिलं आणि चाकरमान्यांनी मुंबईहून पैसे पाठवले. गावकीने मागावं, ज्याला द्यायचे त्याने द्यावेत, नसतील जमत तर हात जोडावेत, कुणी तोंड वाकडं केलं तर करू दे. गोष्ट बिघडते ती ग्रामपंचायतीचा शिक्का त्यावर बसला की. आपल्याकडे घोटाळा काय होतो माहितीये का, सकाळी देवळाच्या सहाणेवर बसलेली चार माणसंच दुपारी पंचायतीच्या खुर्च्यांवर असतात, त्यामुळे त्यांना स्वतःलाच कळत नाही की आपण आता गावकी म्हणून बोलतोय की सरकार म्हणून. हो, सरकारच. ग्रामपंचायत म्हणजे काही गावाची मीटिंग नव्हे, घटनेच्या भाषेत "राज्य" म्हणतात त्यात दिल्लीपासून तुमच्या त्या पत्र्याच्या शेडमधल्या ऑफिसपर्यंत सगळं येतं. कलम 12 काढून वाच, स्थानिक प्राधिकरणं असं स्पष्ट लिहिलंय.

आता कलम 27. लोकांना 25 माहिती असतं, धर्म मानायचा पाळायचा सांगायचा हक्क वगैरे, पण 27 कुणी वाचत नाही आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर नेमकं तिथेच आहे. त्याचा साध्या भाषेत अर्थ असा की ज्या कराचं उत्पन्न एखाद्या विशिष्ट धर्माच्या किंवा पंथाच्या संवर्धनासाठी, देखभालीसाठी म्हणून खास काढून ठेवलंय असा कर भरायची सक्ती कुणावरही करता येणार नाही. कुणावरही म्हणजे कुणावरही हां. बौद्धवाडीवर नाही, मोहल्ल्यावर नाही आणि तुझ्या सासऱ्यांवरसुद्धा नाही. हे लोक विसरतात. त्यांना वाटतं की फक्त दुसऱ्या धर्माच्या माणसांना सूट द्यायची, बाकी हिंदू घरांकडून घेतलं तर चालतंय. नाही चालत. तू स्वतः रोज देवळात जात असलीस तरी देवळाचा कर तुझ्याकडून सक्तीने घेता येत नाही.

आणि त्याच्याही आधी एक कुलूप आहे, कलम 265, कायद्याचा आधार असल्याशिवाय कुठलाही कर बसवता येत नाही. ग्रामपंचायतीला कुठले कर लावता येतात त्याची यादी 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमात दिलेली आहे, त्यात घर-जमिनीवरचा कर आहे, पाण्याचा आहे, दिवाबत्तीचा आहे, गंमत म्हणजे यात्रेकरूंवरचा करसुद्धा आहे, पण देऊळ बांधायचा कर त्यात नाही. म्हणजे सरपंचांचा तो कॉलम कायद्यात बसायला जागाच नाहीये, घटनेपर्यंत जायचीसुद्धा गरज पडत नाही.

आता तुला कुणीतरी हुशार माणूस सभेत म्हणेल की अहो सरकार तर देवस्थानांना कोट्यवधी देतं, मग आमच्या अडीच हजारांचंच काय? हा प्रश्न फालतू नाहीये, म्हणून नीट समजून घे. हजच्या अनुदानावरून सुप्रीम कोर्टात केस झाली होती, 2011 मध्ये निकाल आला, त्यात कोर्टाने म्हटलं की सगळ्या करातून जमा झालेल्या पैशातला थोडासा भाग एखाद्या धर्माच्या कामाला गेला म्हणून कलम 27 मोडत नाही, पण मोठा हिस्सा, उदाहरण म्हणून त्यांनी एकूण आयकराच्या 25 टक्के धरलेत, तसा जायला लागला तर मात्र मोडतं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका केसमध्ये कोर्टाने ते अनुदान दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करा म्हणून सांगितलं आणि सरकारने 2018 मध्येच ते बंद करून टाकलं. मला विचारशील तर ही रेषा जरा ढिलीच आहे, थोडासा म्हणजे किती हे ठरवत बसायचं काम उरतंच. पण तुमच्या केसमध्ये ढिलंबिलं काही नाहीच. तुमच्या बिलात सरळ वेगळा कॉलम, त्यावर देवळाचं नाव आणि त्याचे वेगळे पैसे. खास त्याच कामासाठी काढून ठेवलेला पैसा म्हणतात तो हाच.

यात्रेकरूंच्या कराचं आणि सरकारी यादीतल्या 'क' वर्ग तीर्थक्षेत्राच्या निधीचं तसं नाही. तो पैसा रस्त्याला, संडासांना, पाण्याच्या टाकीला, भक्तनिवासाला जातो, जत्रेला हजार माणसं आली तर ती पडतील धडपडतील ते बघणं हे सरकारचं कामच आहे, मग ती माणसं देवळात आली असोत की उरुसाला की चैत्यभूमीला. त्यामुळे देवळाकडे जाणाऱ्या पाखाडीवर, म्हणजे त्या पायऱ्यांच्या वाटेवर, पंचायतीने दिवे लावले म्हणून उद्या तू त्यालाही विरोध करत बसू नकोस. पाखाडी गावाची आहे. गाभारा गावकीचा आहे. एवढं डोक्यात ठेवलंस की नव्वद टक्के प्रश्न सुटतात.

अपवाद करायचाच असेल तर तो उघड करावा लागतो हे पण सांग त्यांना. त्रावणकोर संस्थान भारतात आलं तेव्हा तिथल्या देवस्थानांचं उत्पन्न संस्थानात मिसळून गेलेलं होतं, तो जुना हिशेब होता म्हणून केरळ सरकारने तिथल्या देवस्वम निधीला वर्षाला साडेशेहेचाळीस लाख द्यायचे असं घटनेतच लिहावं लागलं, कलम 290 क. एवढ्या मोठ्या राज्याला घटनेत कलम घालून घ्यावं लागलं आणि तुमचे सरपंच म्हणतायत मासिक सभेत ठराव घेऊ. हसू येतं बाई.

बरं, आता सासऱ्यांकडे ये. कारण मला वाटतं तुझी खरी पंचाईत तिथे आहे, पंचायतीत नाही.

मानकऱ्याला घटनेची कलमं ऐकवून उपयोग नाही, ते म्हणतील सून शिकली आणि आम्हाला कायदा शिकवायला लागली. त्यांना त्यांच्याच भाषेत सांग. सांग की बाबा, हा पैसा एकदा ग्रामनिधीत शिरला की तो देवाचा राहत नाही, सरकारी होतो. मग त्याचं स्थानिक निधीवाले ऑडिट करणार. सुताराला किती दिले, कळसाचं कोटेशन कुठेय, तीन दरपत्रकं का नाही घेतलीत, हे सगळं त्या ऑडिटरच्या टेबलावर जाणार. गावातलाच विरोधी पार्टीचा पोरगा दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज टाकणार आणि तीस दिवसात त्याला देवळाच्या खर्चाचा हिशेब द्यावा लागणार. आणि पुढच्या निवडणुकीत दुसरं पॅनल आलं, तर पंचायतीच्या पैशाने बांधलेल्या देवळात पंचायत काय म्हणेल? म्हणेल पालखीचा मान कुणाला ते पण आम्हीच ठरवू. आज तुमचा सरपंच आहे म्हणून बरं वाटतंय. आपल्या कोकणात मानपानावरून किती देवळांना कुलपं लागलीत आणि किती पालख्या शिमग्यात तहसीलदारासमोरच्या बैठकीत अडकल्यात हे त्यांना मी सांगायला नको, त्यांनी स्वतः बघितलंय.

कलम 26 देवस्थानाला स्वतःचा धर्माचा कारभार स्वतः बघायचा हक्क देतं. तो हक्क सरकारला बाहेर ठेवण्यासाठीच आहे. आपल्याच मुंबई राज्याच्या 1950 च्या विश्वस्त कायद्यावर 1954 मध्ये सुप्रीम कोर्टात रतिलाल गांधींची केस झाली, त्यात कोर्टाने दोन्ही बाजू बघितल्या. धर्मादाय खात्याने ट्रस्टचे हिशेब तपासावेत, त्या कामाचा खर्च म्हणून ट्रस्टकडून वर्गणी घ्यावी, ती फी आहे, कर नाही, चालेल. पण धर्मादाय आयुक्तालाच एखाद्या धार्मिक संस्थेचा विश्वस्त म्हणून बसवायचं, किंवा देवाच्या कामाचा पैसा दुसरीकडे वळवायचा, ते नाही चालणार. म्हणजे हिशेब बघायला सरकार दारापर्यंत येऊ शकतं, गादीवर बसू शकत नाही. आता तुमचे लोक त्याच सरकारला स्वतःहून आत बोलावतायत, आणि तेही अडीच हजारासाठी.

हा मुद्दा सासऱ्यांना पटला नाही तर मला आश्चर्य वाटेल. मानकऱ्यांना मान कुणी हलवला की चालत नाही.

त्यांना एक मार्गही दे, नुसतं नाही म्हणू नकोस. देवस्थान धर्मादाय कार्यालयात नोंदलेलं आहे का ते आधी विचार, नसेल तर रत्नागिरीला जाऊन नोंदवून घ्या, ट्रस्टचं स्वतःचं पावती पुस्तक छापा, ट्रस्टच्या नावाने बँकेत खातं काढा. नोंदणी व्हायला वेळ लागणार असेल तर गणपतीची मंडळं तात्पुरती वर्गणी काढायला परवानगी घेतात तशी घ्या. मुंबईकर पैसे का देत नाहीत माहितीये? त्यांना हिशेब मिळत नाही म्हणून. मुंबई मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर महिन्याला पासबुकाचा फोटो आणि चिऱ्याच्या ट्रकची पावती टाकायला सुरुवात करा, पाच हजाराचे दहा हजार देणारे निघतील, मी लिहून देते. आणि मोहल्ल्यातल्या कुणी, बौद्धवाडीतल्या कुणी आपणहून पाचशे रुपये आणून दिले तर ते डोक्याला लावून घ्या. कोकणात देतात लोक. फक्त ते मागायला ग्रामपंचायतीचा शिपाई जाता कामा नये.

बौद्धवाडीबद्दल एक वेगळं बोलते कारण तू पत्रात ते एका ओळीत उरकलंस आणि मला ते सगळ्यात जास्त टोचलं. "देव सगळ्या गावाचा" हे वाक्य त्या वाडीत कसं ऐकू जात असेल याचा विचार कर. त्या लोकांच्या आज्या-पणज्यांना त्याच देवळाच्या पायरीवर चढू दिलं नव्हतं, गावकीची कामं मात्र त्यांच्याकडून करून घेतली, मग 1956 नंतर त्यांनी तो धर्मच सोडला, आणि आता देव सगळ्यांचा म्हणून बिल पाठवायचं? महाड काही फार लांब नाही आपल्यापासून. चवदार तळं नगरपालिकेचं होतं, म्हणजे सरकारी, 1924 मध्ये पालिकेने ठराव करून ते सगळ्यांना खुलं केलं, 1927 च्या मार्चमध्ये बाबासाहेब लोकांना घेऊन प्रत्यक्ष पाणी प्यायले, तेव्हा तळं बाटलं म्हणून शुद्धी करण्यात आली आणि गावाच्या दबावाखाली पालिकेने आपलाच ठराव त्याच वर्षी मागे घेतला. पुढे हायकोर्टाचा निकाल लागायला 1937 उजाडलं. ती पालिका दहा वर्षं कुणाची होती? तुमच्या सभेत बसलेल्यांनी त्या पालिकेच्या जागी स्वतःला बघावं.

आणि हो, तू सदस्य आहेस ना, मग ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला 15 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचा असतो, 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर, तो गेल्या वर्षी कुठे गेला ते त्याच सभेत विचार. हा जरा खोडसाळपणा आहे पण उपयोगी खोडसाळपणा आहे, विषय बदलतो आणि सगळे कागद शोधायला लागतात.

दाखल्याचं तर सरळ आहे. जन्माच्या नोंदीचा दाखला, नमुना 8 चा म्हणजे घराच्या आकारणीचा उतारा, हे 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात येतं, ठरलेल्या मुदतीत द्यायचंच असतं, नाही दिलं तर वर अपील करता येतं आणि चूक निघाली तर दंड त्या कर्मचाऱ्याच्या खिशातून जातो. ही गोष्ट ग्रामसेवकाच्या कानावर घाल. तो बाहेरगावचा माणूस असतो, बदलीची नोकरी, त्याला तुमच्या देवळाच्या भानगडीत स्वतःचा पगार घालायचा नसतो, अर्धं काम तोच करेल. घरपट्टी भरायला गेलेल्यांना सांग की फक्त घरपट्टी आणि पाणीपट्टीचेच पैसे द्या आणि तेवढ्याचीच पावती मागा, पावतीवर देवळाचं काही लिहिलं असेल तर तिथेच परत करा.

आता पालखी. हे मला लिहिताना जड जातंय कारण आपल्याकडे शिमग्याला पालखी दारात न येणं म्हणजे काय ते मला माहितीये. अंगण सारवून ठेवलंय, रांगोळी घातलीय, ओटी भरायची तयारी झालीय, ढोल शेजारच्या घरापर्यंत ऐकू येतोय आणि मग ढोल तुमच्या पाणंदीसमोरून तसाच पुढे जातो. दिराने नेमकं तेच काढलं. कायदा तुझ्या बाजूने आहे हे आधी सांगते. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, 2016 मध्ये विधिमंडळाने केला, 3 जुलै 2017 पासून लागू झाला, तो करायची वेळ आली त्यात आपल्या रायगडातल्या वाळीत टाकायच्या प्रकरणांचा मोठा हात आहे. माणसाला धार्मिक विधीपासून, मिरवणुकीपासून अडवणं, त्याच्याशी व्यवहार तोडायला लावणं हे सगळं त्यात येतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. असा निर्णय घ्यायला बैठक भरवली तरी अडकतात.

पण खरं सांगू? आधीच पोलीस स्टेशनला जाऊ नकोस. या विषयावरचा कायदा जुना आहे आणि त्यात गुंतागुंत आहे, 1949 मध्ये मुंबई राज्याने समाजातून बहिष्कृत करण्यावर बंदी घातली होती, ती 1962 मध्ये सुप्रीम कोर्टाने दाऊदी बोहरांच्या केसमध्ये रद्द केली, कारण त्यांच्या धर्मगुरूचा तो अधिकार कलम 26 खाली येतो असं म्हटलं, आणि त्या निकालाचा पुन्हा विचार व्हावा म्हणून 2023 मध्ये ते प्रकरण नऊ न्यायाधीशांकडे पाठवलंय. तुझ्या केसला ते तसं लागू पडत नाही, तुला धर्माच्या कारणाने नाही तर पंचायतीतल्या मतासाठी धमकी दिलीय, पण कोर्टाच्या पायरीवर गेलं की वर्षं जातात आणि दीर तोपर्यंत दीरच राहतो. शिमग्याला वेळ असेल तर आधी सासूबाईंशी बोल. पालखी घरात येते ती बायकांच्या हातून ओटी घ्यायला, हे त्या मानकऱ्यांच्या घरातल्या बाईला समजावायला लागत नाही. त्या जर म्हणाल्या की माझ्या दारातून पालखी पुढे गेली तर मी बघते, तर दिराची टाप आहे का? कोकणातल्या घरात शेवटचा शब्द कुणाचा असतो ते मी सांगायला नको. आणि दिराने हेच परत चार माणसांत म्हटलं, किंवा बैठकीत कुणी म्हटलं, तर तारीख, वार, कोण कोण होतं ते वहीत लिहून ठेव. तेवढंच. पुढे लागलंच तर उपयोगी पडेल.

तू विचारलंस ना देवाच्या आड येतेयस का. नाही गं. सक्तीच्या पैशाने उभा राहिलेला कळस देवाला हवा असेल असं मला वाटत नाही, पण ते देवालाच विचार, मी काही गुरव नाही तुझं गाऱ्हाणं घालायला.

सभेचं सांगते. अजेंडा हातात पडला की विषय कसा लिहिलाय ते आधी वाच, "देवस्थान विकास निधी", "ग्रामविकास वर्गणी" अशी काहीतरी गोड नावं देतात, त्यावरून फसू नकोस. सभेत उभी राहून एकच विचार, हा कर अधिनियमाच्या कुठल्या कलमाखाली आकारायचा ते ग्रामसेवकाने इतिवृत्तात लिहावं. बहुतेक ठिकाणी विषय इथेच मरतो. तरीही ठराव रेटलाच तर हात वर करून विरोध कर, "माझा विरोध नावासकट नोंदवा" असं मोठ्याने म्हण, आणि इतिवृत्तावर सही करायच्या आधी तो नोंदलाय का ते स्वतः वाच, नुसतं हो हो लिहितो म्हणाले म्हणून सही ठोकू नकोस. मग दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं पत्र, विरोधाचं, सरपंच आणि ग्रामसेवकाच्या नावे, एक प्रत पंचायत समितीत बीडीओंना, म्हणजे गटविकास अधिकाऱ्यांना. राजापूरला जाशील तेव्हा आवक-जावकमध्ये दे आणि तुझ्या झेरॉक्सवर पोच घे, शिक्का आणि तारीख दिसेल अशी. तिथला क्लार्क म्हणेल ठेवून जा मॅडम, मी बघतो. ठेवून यायचं नाही. शिक्का मारेपर्यंत तिथेच खुर्ची ओढून बस.